सव्वीस तारखेच्या आत

लॅमिंग्टन रोडला माझा गाळा, साडेचार बाय सहा.
दिवसाला दहा-बारा फोन उघडतो.
येतात ते पडून, भिजून, फुगून,
एक तर वरणात बुडून आला होता.
धड असलेला फोन
मला दाखवायला कुणी आणत नाही,
जसं वैद्याकडे कुणी
आज बरं वाटतंय हे सांगायला जात नाही.

काल तो जाहीर झाला.
डबा खाता खाता ओवेसच्या स्क्रीनवर पाहिला,
काळ्या पोकळीत स्वतःभोवती फिरत होता,
बोटाचा ठसा नाही, धूळ नाही, पडायची भीती नाही.
रंगाचं नाव ‘राखेतली पहाट’.
ओवेस म्हणाला, राखाडी आहे रे. राखाडी म्हण.

सव्वीसला बाजारात.
त्याआधी बुकिंग केलं तर कव्हर फुकट.
एकोणीसशे नव्याण्णव भरा,
नको वाटलं तर परत.
ही शेवटची ओळ मी तीनदा वाचली.
पागडी देताना असं कुणी बोललं नव्हतं.

हिशेब मला येतो.
एकाहत्तर हजार म्हणजे
तीनशेच्या भावाने दोनशे सदतीस चार्जिंगच्या खाचा,
मान खाली घालून, भिंग डोळ्याला लावून.
म्हणजे वृषालीची दाढ,
जी ती लवंग दाबून दाबून
दोन महिने पुढे ढकलतेय,
आणि तरी वर उरतील.
सहा महिन्यांनी हाच सत्तावन्नला मिळेल,
दीड वर्षाने माझ्याच टेबलावर येईल,
काचेचा चुरा झालेला,
मालक खर्च ऐकून म्हणेल, राहू द्या तुम्हालाच.
गिऱ्हाइकांना मीच सांगतो ना,
पहिल्या खेपेचा माल घेऊ नका,
खोट असेल ती आधी घेणाऱ्याच्या पदरात पडते.
थांबा. थांबणाऱ्याचं काही जात नाही.

इतकं बोलून
रात्री घोडपदेवच्या गॅलरीत
मी फॉर्म भरत उभा.
गोदीकडे क्रेनचा लाल दिवा.
हातातला फोन तीन फोनांचा मिळून एक,
कॅमेरा एकाचा, पाठ दुसऱ्याची,
नाव तिसऱ्याचं, तेही अर्धं पुसलेलं.
नाव : उल्हास धुरी.
पिन : चार लाख तेहतीस.
रंग.
रंगाशी थांबलो.

फोटो मला काढायचे नाहीत.
फोन तरी कुणाला करू,
वृषाली आत आहे, ओवेस सकाळी भेटेलच.
मला ते वरचं पातळ प्लास्टिक ओढायचंय,
एकदाच होतो तो आवाज ऐकायचाय,
आणि तासभर
असा फोन हातात धरून बसायचंय
ज्याचं काय बिघडलंय
हे मला शोधायचं नाही.

दुसऱ्या तासाला मी हीट गन काढेन.
ऐंशी अंशांवर, कडेकडेने, हळू.
बॅटरी कशाने चिकटवलीय, पट्टी कुठून नेलीय,
पहिला स्क्रू कुठे लपवलाय.
स्वतःला इतकं तर ओळखतो.

आतून वृषालीने विचारलं, काय करतोयस एवढा वेळ?
शब्द एका गालातून येत होते.
म्हटलं, काही नाही. बघतोय.
थोड्या वेळाने म्हणाली,
राखाडीच घेणार असशील.

ओटीपी आला.
त्यात सात आहे.
माझ्या स्क्रीनवर सातच्या जागी काच मेलेली आहे,
गेल्या गणपतीपासून,
आज बदलू, उद्या बदलू.
तीस सेकंद उलटे मोजले.
‘पुन्हा पाठवा’ दाबलं.
पुन्हा सात.
आत तिने डबीचं झाकण उघडल्याचा आवाज,
मग लवंगेचा वास.

सात नसलेला आकडा येईपर्यंत
ठरवायला वेळ आहे.